अर्धवट आठवणारे नाव आणि सूचीची निवड

काशीच्या गंगातीरावर मणिकर्णिकेहून उत्तरेकडे निघाले की प्रथम सिंधिया घाट लागतो आणि त्याला लागूनच संकठा घाट. पायऱ्या चढून वर गेल्यावर गल्लीत ज्या देवीचे मंदिर आहे, तिच्यावरून घाटाला हे नाव पडले. नाव अवघ्या तीन अक्षरांचे. पण ते लिहिण्याच्या रीती मात्र एकाहून अधिक. काशीकर ‘संकठा’ म्हणतो व तसेच लिहितो. संस्कृताच्या शुद्धीविषयी दक्ष असलेला शास्त्री ‘सङ्कटा’ लिहितो. मराठी यात्रेकरू ‘संकटा’ असे लिहून मोकळा होतो. वाचणाऱ्या माणसाला या तिन्ही रूपांत एकच देवी दिसते. यंत्राला मात्र ती तीन निरनिराळी नावे होत.

संकठा घाटापासून पुढे भोसले घाट, राम घाट, पंचगंगा, दुर्गा घाट असा जो पट्टा पसरला आहे, त्याच्या मागील गल्ल्यांत मराठी घराण्यांची जुनी वस्ती आहे. पैठणहून काशीस आलेल्या भट्ट घराण्याने धर्मशास्त्राला नारायणभट्ट, शंकरभट्ट, कमलाकरभट्ट, नीलकंठभट्ट असे एकाहून एक पंडित दिले. १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करविणारे गागाभट्ट याच घराण्यातले. या मंडळींच्या आणि त्यांच्या शिष्यप्रशिष्यांच्या ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती आज देशभर विखुरल्या आहेत. खुद्द काशीतील संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या सरस्वतीभवन ग्रंथालयात सुमारे एक लाख हस्तलिखिते आहेत. अशा एखाद्या संग्रहाची सूची संगणकात भरली आहे असे समजू. ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, नकल करणाराचे नाव, स्थळ, शक, आणि ग्रंथाच्या अखेरीस नकलकार जे चार शब्द स्वतःविषयी लिहून ठेवतो ती पुष्पिका, अशी प्रत्येक पोथीची नोंद. अभ्यासक येतो तेव्हा त्याच्या हाती पूर्ण नाव क्वचितच असते. कोणाला आरंभ आठवतो, कोणाला शेवट, कोणाला मधलाच एखादा तुकडा. आणि कोणाला जे आठवते ते मुळात चुकीचे आठवत असते.

येथे खरा धोका उशीर लागण्याचा नाही. यंत्राने क्षणार्धात ‘अशी नोंद नाही’ असे उत्तर दिले आणि अभ्यासकाने ते प्रमाण मानून ‘ही पोथी उपलब्ध नाही’ असे आपल्या प्रबंधात लिहिले, तर पोथी कपाटात असूनही हरवल्यासारखी होते. कागदी पत्रांची सूची चाळणाऱ्याची नजर शेजारच्या पत्रावर जाई आणि चूक कधीकधी आपोआप सुधारे. यंत्राला ती सवय नाही. म्हणून सूची कोणती करावी हा प्रश्न जितका वेगाचा, तितकाच सापडण्या-न-सापडण्याचा आहे.

सूचीच नसेल तर यंत्र काय करते? पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सारे वाचून काढते. हे ऐकून कोणी दचकू नये. लाखभर लहान नोंदी वाचणे हे आजच्या यंत्राला मोठे काम नव्हे, आणि महिन्यातून दोनदा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नासाठी सूची बांधणे हा निव्वळ अपव्यय आहे. परंतु नोंदींऐवजी पोथ्यांचा सबंध मजकूर भरला, ओळी कोटींच्या घरात गेल्या, आणि विचारणारे दिवसभर विचारू लागले, म्हणजे मग सूचीवाचून गत्यंतर उरत नाही.

आरंभ आठवत असेल तर काम सर्वांत सोपे. आपल्याकडे या जातीच्या सूचीला प्रतीकसूची म्हणतात. प्रतीक म्हणजे श्लोकाच्या किंवा मंत्राच्या आरंभीचे शब्द. मॉरिस ब्लूमफील्डने १९०६ साली वैदिक वाङ्मयातील मंत्रांच्या चरणांची जी प्रचंड अकारविल्हे सूची छापली, ती याच तत्त्वावर. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केल्यावर प. ल. वैद्य यांच्या संपादकत्वाखाली श्लोकचरणांची प्रतीकसूची सहा खंडांत काढली. १९६७ ते १९७२ अशी सहा वर्षे ते काम चालले होते. श्लोक पाऊण लाखाच्या आसपास आणि प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे किती पत्रे लावावी लागली असतील याची कल्पना करावी. चरणाचे पहिले दोन शब्द ठाऊक असणाऱ्याला हे खंड कामधेनूसारखे आहेत. ज्याला चरणाचा मधला शब्दच तेवढा आठवतो, त्याला त्या सहा खंडांचा काडीइतकाही उपयोग नाही.

डेटाबेसमध्ये या सूचीची जागा बी-ट्री नावाची रचना घेते. रूडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत ती योजिली व त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. नावे क्रमाने लावलेली, त्यांची पाने पाडलेली, प्रत्येक पानावर कोणते नाव कोठे सुरू होते हे सांगणारे वरचे पान, आणि त्यावर आणखी एक वरचे पान. एका पानावर ३०० नावे मावतात असे धरले तर तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख नावांपैकी हवे ते नाव गाठता येते. ‘संक’ने सुरू होणारी सर्व नावे हवी असतील तर यंत्र तो प्रश्न मोठ्या चतुराईने बदलून घेते: ‘संक’ किंवा त्यानंतरचे, पण ‘संख’च्या अलीकडचे. एकदा या दोन खुणा सापडल्या की मधली पाने सलग वाचायची.

ही चतुराई एका अटीवर चालते. यंत्राने नावे अक्षरचिन्हांच्या निव्वळ क्रमांकांनुसार लावलेली असली पाहिजेत. आणि मराठी माणसाला हवा असतो तो क्रम हा नव्हे. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसविले आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नागेशभट्टांचे आडनाव काळे. मराठी कोशाच्या रीतीने ‘काशी’ आधी आणि ‘काळे’ नंतर यावयास हवे. चिन्हक्रमांकाने लावले तर ‘काळे’ आधी येऊन बसतो. आता वाचकाला पडद्यावर यादी दाखवायची ती मराठी क्रमाने आणि आरंभाचा शोध घ्यायचा तो चिन्हक्रमाने, म्हणजे एकाच रकान्यावर दोन सूच्या झाल्या. पोस्टग्रेस या सर्वांना मोफत उपलब्ध असलेल्या डेटाबेस-प्रणालीत नमुन्याच्या शोधासाठी अशी निराळी सूची मुद्दाम सांगून करावी लागते. ते न सांगता साधी सूची केली आणि डेटाबेस भाषेच्या क्रमाने चालणारा असला, तर सूची असूनही यंत्र तिच्याकडे ढुंकून पाहत नाही, आणि ‘सूची केली तरी वेग का वाढला नाही’ म्हणून कारकून चकित होतो. जुन्या सूचीकारांची आणखी एक डोकेदुखी येथेही आहेच: ‘भगवद्गीता’ शोधणाऱ्याला ‘श्रीमद्भगवद्गीता’ या नावाने नोंदलेली पोथी आरंभाच्या सूचीत मिळणार नाही.

शेवट आठवत असेल तर? ही गरज आपल्या कोशकारांनी फार पूर्वी ओळखली होती. महेश्वराचा विश्वप्रकाश (इ. स. ११११) आणि पुढचा मेदिनीकोश यांत शब्द लावले आहेत ते अंत्य व्यंजनाप्रमाणे: आधी ककारान्त, मग खकारान्त, अशा क्रमाने. अमरकोशाच्या नानार्थवर्गातही हीच रीत आहे. यंत्रासाठी युक्ती याहून सोपी. प्रत्येक नाव उलटे लिहून त्याची आरंभाची सूची करायची आणि प्रश्नही उलटा करून विचारायचा. ज्याच्या नावाचा शेवट ‘भट्ट’ असा आहे त्या सर्व ग्रंथकारांना एकत्र पाहायचे असेल तर ही उलटी सूची चांगली उपयोगी पडते.

परंतु हीच सूची काशीच्या घाटांच्या यादीवर केली तर? काशीत ८४ घाट मानतात आणि यादीतल्या प्रत्येक नावाचा शेवट ‘घाट’ असाच आहे. ‘घाट’ने संपणारी नावे मागितली तर सूची सबंध यादीच हातात ठेवते, त्यापेक्षा यादी सरळ वाचलेली बरी. प्रणालीही असा हिशेब करतेच. प्रत्येक रकान्यात कोणते मूल्य किती वेळा येते याचे नमुने ती बाळगते आणि सूची वापरण्यात लाभ नाही असे दिसले की सबंध यादी वाचण्याचा मार्ग घेते. सूचीचे मोल असे ज्या मजकुरावर ती केली त्याच्यावर अवलंबून असते. भारतातील सर्व गावांच्या यादीत ‘घाट’ हा शेवट निवडक ठरेल. काशीत तो काहीच निवडत नाही.

सबंध शब्द आठवत असेल तर शब्दसूची हवी. विश्वबंधूंचा वैदिक-पदानुक्रम-कोश हे तिचे भव्य उदाहरण. १९३५ साली लाहोरात त्याचे प्रकाशन सुरू झाले, फाळणीनंतर ते होशियारपुरात चालू राहिले आणि १९६५ पर्यंत त्याचे सोळा भाग निघाले. शब्द घ्यायचा आणि तो कोणकोणत्या स्थळी आला ते पाहायचे. डेटाबेसची पूर्णमजकूर-सूची हीच, आणि लांब पुष्पिकांत शोधण्यासाठी ती उत्तम. अडचण येते ती मराठीच्या विभक्तीमुळे. ‘घाट’ हा शब्द वाक्यात ‘घाटावर’, ‘घाटाचा’, ‘घाटांवरील’ होऊन येतो. शब्दाचे मूळ रूप काढून देणारी व्यवस्था जोडलेली नसेल तर यंत्राच्या लेखी हे चार वेगळे शब्द, आणि मराठीसाठी ती व्यवस्था बहुधा स्वतःच उभारावी लागते. संस्कृतात तर संधी आणि समास यांमुळे शब्द कोठे संपला हेच लेखनात दिसत नाही.

उरला तो मधला तुकडा, सर्वांत कठीण प्रकार. यासाठी जी युक्ती निघाली तिचे बीज संकठा घाटापासून थोड्याच अंतरावर रोज ऐकू येते. राम घाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. वेदपाठाच्या ज्या रीती अशा पाठशाळांतून चालत आल्या आहेत त्यांत क्रमपाठ मूलभूत होय. यात पहिले पद दुसऱ्यासह म्हणायचे, मग दुसरे तिसऱ्यासह, तिसरे चौथ्यासह; प्रत्येक पद दोनदा येते, एकदा मागच्याला धरून आणि एकदा पुढच्याला. जटा, दंड, घन इत्यादी आठ विकृती याच क्रमाच्या विस्तारातून निघाल्या. २०२५ च्या अखेरीस अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे २,००० मंत्रांचे दंडक्रम पारायण काशीत ५० दिवसांत पूर्ण केले, ते या परंपरेतले. वैदिकांचा हेतू शोध घेण्याचा नव्हता. एकही पद गळू नये किंवा जागा सोडू नये एवढाच होता. पण एकमेकांत अडकलेल्या लहान तुकड्यांनी लांब मजकूर पक्का बांधता येतो, ही गोष्ट त्यांनी हजारो वर्षे वापरली.

यंत्रातील त्रिकसूचीत पदांच्या जागी अक्षरचिन्हे येतात आणि जोडीच्या जागी तिघांचा गट. ‘संकठा’ हे नाव यंत्राच्या हिशेबाने पाच चिन्हांचे: स, अनुस्वार, क, ठ आणि काना. त्याची त्रिके तीन. पहिले स-अनुस्वार-क, दुसरे अनुस्वार-क-ठ, तिसरे क-ठ-काना. प्रत्येक नोंदीतून अशी सर्व त्रिके काढून, कोणते त्रिक कोणकोणत्या नोंदींत आहे याची यादी ठेवायची. मग मजकुराच्या पोटात कोठेही ‘संकठा’ असो, यंत्र तीन याद्या काढते आणि तिन्हींत असलेल्या नोंदी उचलते. पोस्टग्रेसला ही सोय ओलेग बार्तुनोव आणि तिओदोर सिगाएव या रशियन संगणकतज्ज्ञांनी दिली. २०११ च्या आवृत्तीपासून नमुन्याच्या शोधासाठी ती थेट वापरता येऊ लागली.

मात्र क्रमपाठ आणि त्रिकसूची यांत एक महत्त्वाचा फरक आहे. क्रमपाठात जोड्या ओळीने येतात. सूचीत त्रिके सुटी पडलेली असतात. ‘गागा’ या तुकड्याची त्रिके दोन: ग-काना-ग आणि काना-ग-काना. आता एखाद्या नोंदीत ‘गागरोणची जागा’ असे शब्द आहेत असे धरा. पहिले त्रिक ‘गागरोण’मध्ये आहे, दुसरे ‘जागा’मध्ये; आणि ‘गागा’ मात्र कोठेच नाही. म्हणून सूचीने निवडलेली प्रत्येक नोंद यंत्राला पुन्हा उघडून मूळ मजकुराशी ताडून पाहावी लागते. या फेरतपासणीमुळे उत्तर अचूक राहते. तुकडा अगदी सामान्य असला तर तिचाच वेळ डोईजड होतो. आणखी एक मर्यादा आपल्या लिपीला विशेष जाचक आहे. ‘भट’ या शब्दात चिन्हे दोनच. तीनांहून कमी चिन्हांच्या मधल्या तुकड्याचे एकही पूर्ण त्रिक होत नाही, आणि मग सूचीचा आधार संपतो. शोधकाला निदान तीन चिन्हे टंकावयास लावणे हा त्यावरचा साधा उपाय.

त्रिकसूचीचा खर्चही लपविण्यात अर्थ नाही. २०० चिन्हांच्या पुष्पिकेतून जवळजवळ तितकीच त्रिके निघतात. सूची कधी मूळ मजकुराहून मोठी होते, आणि नवी नोंद करताना एकाऐवजी शेकडो जागी हात लावावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये ती दोन प्रकारांनी बांधता येते. ‘जिन’ नावाच्या प्रकारात शोध वेगवान आणि बदल महाग. ‘जिस्ट’ नावाच्या प्रकारात बदल तुलनेने स्वस्त आणि शोध संथ. पोथ्यांची सूची एकदा भरली की वर्षानुवर्षे वाचलीच जाते. तिथे जिनचा खर्च करावा. कचेरीच्या आवक-जावक नोंदवहीसारखा, दिवसभर भरला जाणारा आणि क्वचित पाहिला जाणारा मजकूर असेल तर त्यावर त्रिकसूची लादणे म्हणजे टपालाच्या प्रत्येक पत्रासाठी बाड बांधण्यासारखे आहे. प्रणालीला ‘एक्स्प्लेन’ हा हुकूम दिला की एखाद्या प्रश्नासाठी ती कोणती सूची घेणार हे ती सांगते. सूची ठेवायची की मोडायची याचा निर्णय त्या उत्तरावर घ्यावा, ऐकीव सल्ल्यावर घेऊ नये.

आता तीन रूपांच्या नावाचा प्रश्न. त्रिकांचा एक जास्तीचा लाभ असा की त्यांवरून दोन नावांचे साम्य मोजता येते. नावापुढे दोन आणि नावामागे एक रिकामी जागा धरली तर ‘संकठा’ची त्रिके सहा होतात आणि ‘संकटा’चीही सहा. त्यांतली तीन समान. एकूण वेगवेगळी नऊ. साम्य ३ भागिले ९, म्हणजे ०.३३. पोस्टग्रेस नेहमी ०.३ ही मर्यादा धरते. तेव्हा ‘संकठा’ विचारणाऱ्याला ‘संकटा’ची नोंद थोडक्यात का होईना, मिळते. पण शास्त्रीबोवांचे ‘सङ्कटा’ घ्या. त्यात हलन्ताचे चिन्ह धरून सात त्रिके होतात, ‘संकठा’शी समान एकच, एकूण वेगवेगळी बारा, साम्य ०.०८. ती नोंद मिळणार नाही. ‘पण्डित’ आणि ‘पंडित’, ‘नीलकण्ठ’ आणि ‘नीलकंठ’ यांनाही यंत्र निराळी रूपे समजते. ‘कऱ्हाडे’मधला ‘ऱ’ कोणी एकाच चिन्हाने भरतो, तर कोणी ‘र’खाली नुक्ता देऊन दोन चिन्हांनी, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि यंत्र त्यांना निराळे समजते.

यावर सूचीचा प्रकार बदलणे हा उपाय नव्हे. मूळ लेखन जसेच्या तसे राखून शेजारी एक सरळ केलेला रकाना ठेवावा. त्यात सर्व परसवर्णांचे अनुस्वार करावे, ‘ऱ’ एकाच रीतीने लिहावा, आणि सूची या रकान्यावर बांधावी. विचारलेल्या शब्दालाही हाच संस्कार करावा, नाहीतर सारे श्रम वाया जातात. ‘सङ्कटा’ या चाळणीतून निघाले की ‘संकटा’ होते आणि साम्य पुन्हा ०.३३ वर येते. डेटाबेस उभारताना निवडलेल्या भाषाव्यवस्थेत काना, अनुस्वार, हलन्त यांना अक्षरांचा दर्जा आहे ना, हेही आधीच तपासावे. तो नसेल तर शब्दाचे तुकडे मात्रेमात्रेला होतात आणि वरचे सगळे हिशेब कोलमडतात.

इतके केल्यावरही काही पोथ्या निसटतील. गागाभट्टांचे खरे नाव विश्वेश्वर. त्यांच्या ग्रंथाची प्रत ‘विश्वेश्वरभट्ट’ या नावाने नोंदलेली असेल तर ‘गागा’ या तुकड्याची कोणतीही सूची तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. काशीखंडात जी विकटा नावाची मातृका वर्णिली आहे तीच आजची संकठा, असे अभ्यासक मानतात. या दोन नावांत ‘टा’ आणि ‘ठा’ एवढेही सारखे नाही. त्यासाठी पर्यायनामांचा एक निराळा तक्ता ठेवावा लागतो: एका बाजूस प्रचलित नाव, दुसऱ्या बाजूस ग्रंथातले. अमरसिंहाने जे काम वर्गावर्गाने केले तेच हे, आणि त्यातली एकेक ओळ विषय जाणणाऱ्या माणसाने हाताने भरावयाची असते.